एक टाकतोय

माझी जनरेटरची गाडी आधी एका शाळेची बस होती. सीटा काढून आत सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर बसवला, खिडक्यांवर पत्रे ठोकले, आतून आवाज दाबायला जाड फोम लावला. वरून निळा रंग मारला, तरी दाराच्या बिजागरीपाशी जुना पिवळा दिसायचाच. सेटवरची माणसं तिला 'स्कूल' म्हणायची. सकाळी मी कंपाउंडमध्ये गाडी मागे घेत शिरलो की कुणीतरी ओरडायचंच, स्कूल आली.

सेट म्हणजे टीव्हीवरच्या सिरियलचा. वरसाव्याच्या पुढे, घोडबंदर रोडपासून आत, एका बंगल्याच्या मागे मोठी पत्र्याची शेड होती. तिच्यात एका श्रीमंत घराचा दिवाणखाना, जिना, देवघर असं सगळं प्लायवुडचं उभं केलेलं. तिथे येणारी सरकारी वीज बंगल्यापुरती होती. शेडमधले तीन मोठे एसी आणि शूटिंगचे दिवे तिच्यावर चालणं शक्यच नव्हतं. ते माझ्या गाडीवर चालायचे. गाडी शेडच्या मागे, झाडाखाली उभी असायची, आणि तिथून जाड केबल भिंतीच्या भोकातून आत जायची.

ही गाडी मी एकट्याने उभी केली नाही. मी मूळचा माणगावकडचा. भाईंदरला एका कारखान्यात इंजिन ऑपरेटर होतो, तो बंद पडला. तेव्हा ज्याने मला शूटिंगच्या लाइनमध्ये आणलं तो गुहागरकडचा, माझ्याच वयाचा, मीरा रोडला आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहणारा. तो सेटवर लाइटचा मुख्य माणूस होता. तिकडे त्याला गॅफर म्हणतात. कुठला दिवा कुठे लागेल, कधी लागेल, कुठल्या स्विचवर लागेल, हे सगळं त्याच्या हातात. भाईंदरचं एक बंद पडलेलं नर्सिंग होम जनरेटर विकायला काढतंय हे त्यानेच मला सांगितलं. बस शोधली आम्ही दोघांनी. आतलं पॅनेल, म्हणजे सगळे मीटर आणि मेन स्विच असलेली पेटी, तिची वायरिंग त्याने स्वतः केली, सुट्टीच्या दिवशी, माझ्या बायकोने पाठवलेला डबा खाऊन.

माझ्या बायकोला भाऊ नाही. ती भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. गाडीची पूजा झाली त्या वर्षी तिने त्याला भाऊबीजेला बोलावलं, आणि त्यानंतर तो दर वर्षी आला. माझा मित्र असूनही तो तिला वहिनी म्हणायचा नाही, ताई म्हणायचा. ती त्याला भाऊ म्हणायची. घरात भाऊ म्हटलं की तोच.

आता इंजिनाचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जनरेटरचं इंजिन गाडीच्या इंजिनासारखं हवं तसं कमी-जास्त पळवायचं नसतं. त्याने एकाच वेगाने चालायचं असतं, कारण त्या वेगावर विजेचे सेकंदाला पन्नास सायकल ठरतात. ओझं असो वा नसो, वेग तोच. हे सांभाळायला डिझेलच्या पंपावर गव्हर्नर असतो. माझा जुन्या पद्धतीचा होता. आत दोन वजनं गरगर फिरतात आणि एक स्प्रिंग त्यांना आवरून धरते. इंजिन मंदावलं की वजनं आत येतात आणि पंप डिझेल वाढवतो. इंजिन पळायला लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. रिकाम्या इंजिनाचा वेग मी मुद्दाम थोडा वर ठेवायचो, बावन्न सायकलच्या आसपास. पूर्ण लोड आला की तो आपसूक पन्नासवर येऊन बसायचा.

पण गव्हर्नरला वेळ लागतो. क्षण-दोन क्षणच, पण लागतो. ओझं आल्यावर वेग पडतो, वेग पडल्यावर त्याला कळतं, कळल्यावर तो डिझेल सोडतो. तोवर इंजिन आपल्या अंगातल्या फिरतीवर ते ओझं रेटत असतं. ओझं बेताचं असेल तर इंजिन जरा दबतं, घसा खाकरल्यासारखा आवाज करतं आणि सावरतं. सगळं ओझं एकदम पडलं तर ते गुडघ्यावर येतं. काळा धूर निघतो, दिवे पिवळे पडतात, आणि पॅनेल सगळं तोडून टाकतं. जनरेटरलाही आम्ही सेटच म्हणतो, आणि असं झालं की सेट ट्रिप झाला म्हणतो. एसीच्या कॉम्प्रेसरसारखी मोटर तर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून लोड एकेक करून टाकायचा.

म्हणजे इंजिन माझ्या ताब्यात आणि लोड त्याच्या ताब्यात. मी गाडीत, तो शेडमध्ये, मधे भिंत. दोघांकडे वॉकीटॉकी. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं बंदवरून सुरू करायचं असे. तो वॉकीवर म्हणायचा, "एक टाकतोय." मी मीटर बघून म्हणायचो, "टाक." इंजिन दबायचं, सावरायचं, मी म्हणायचो, "घेतला." मग तो दुसरा टाकायचा. तीन एसी, मग दिव्यांची एक बाजू, मग दुसरी. कितीतरी वर्षं आमचं असंच चाललं. मधे कितीतरी सिरियल संपल्या, नव्या आल्या, आम्ही दोघं बरोबरच गेलो. कधी तो घाईत असला तरी दुसरा टाकायच्या आधी थांबायचा. घेतला म्हटल्याशिवाय त्याने कधी पुढचा स्विच वर केला नाही.

त्या वर्षी गणपती झाल्यावर सेट ट्रिप व्हायला लागला.

पहिल्यांदा जेवणानंतर झालं. तो म्हणाला एक टाकतोय, मी म्हटलं टाक, आणि इंजिनाने असा हुंकार दिला की मी स्टुलावरून उठलो. करंटचा काटा उजवीकडे आपटला आणि परत पडला. सगळं बंद. मी वॉकीवर विचारलं, किती टाकलास? तो म्हणाला, एकच रे, नेहमीचा. काटा आपटलेला मी पाहिला होता. पण मोटर सुरू होताना काटा तसाही उडतो. आणि तो एक म्हणाला म्हणजे एक. मी काट्यापेक्षा त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

पुन्हा चालू केलं तेव्हा सगळं व्यवस्थित झालं. दोन-चार दिवसांनी परत तेच. मग मधे बरं गेलं, मग लागोपाठ दोनदा. सिरियलच्या सेटवर वेळ फार महाग. दिवे गेले की शेडमध्ये मिट्ट काळोख, मेकअप केलेली माणसं घामाघूम, डायरेक्टर बाहेर येऊन येरझाऱ्या घालणार. प्रॉडक्शनचा मॅनेजर आधी लांबूनच बघायचा. नंतर तो गाडीच्या दारात येऊन उभा राहायला लागला.

मी आधी डिझेलमध्ये हवा शिरतेय का ते पाहिलं. पाइपचे सगळे जोड आवळले. फिल्टर बदलले. टाकी उतरवून धुतली. इंजिन रिकामं चालवून तासन्‌तास ऐकलं. गव्हर्नर खराब असला तर इंजिन एका वेगावर ठरत नाही, वर-खाली करत राहतं, श्वास लागल्यासारखं. आम्ही त्याला हंटिंग म्हणतो. तसं काहीच नव्हतं. एका सुरात चालत होतं. तरी लोड आला की पडत होतं, आणि तेही रोज नाही. रोज पडलं असतं तर मी काहीतरी शोधून काढलं असतं. कधीतरी पडणारं इंजिन माणसाला वेडं करतं. जेवताना माझं लक्ष नसायचं. बायको काही विचारायची आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचो. आपले कान गेले की काय असं मला वाटायला लागलं.

एका रविवारी मी गाडी बिल्डिंगच्या मागे लावून सगळं खोलायला घेतलं. तो आला. बोलावलं नव्हतं, स्वतःहून आला, जुना शर्ट घालून. दोघांनी मिळून पंपापासून गव्हर्नरपर्यंतची जोडणी सोडवली. त्याने एकेक नट रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर ओळीत मांडला. मी खाली वाकलो होतो तेव्हा त्याने माझ्यासाठी उजेडाला बॅटरी धरली. बायकोने पोहे आणून दिले, ते आम्ही तिथेच बसून खाल्ले. तो म्हणाला, "स्प्रिंग थकली असेल रे. इतकी वर्षं झाली. माणूस थकतो, स्प्रिंगचं काय." मला ते पटलं. म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं.

पंप काढून भाईंदरला एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या माणसाने तो बाकावर चढवून चालवला, वेग वर-खाली करून डिझेल मोजलं आणि सांगितलं की पंप ठीक आहे, गव्हर्नर ठीक आहे, उगाच खर्च करू नका. मी त्याला पुन्हा एकदा बघायला लावलं. तो चिडला नाही, पुन्हा बघितला. ठीकच होता.

घरी आल्यावर मी कारखान्यातली एक जुनी युक्ती केली. पिंपात मिठाचं पाणी भरलं आणि त्यात लोखंडी पट्ट्या सोडल्या. पट्ट्या जितक्या खोल, तितका लोड जास्त. विजेचा असा खोटा लोड देऊन इंजिन तपासता येतं. एका एसीइतका लोड एकदम दिला, इंजिन दबलं, सावरलं. त्याच्या दीडपट दिला, तरी सावरलं. पाणी तापून वाफ यायला लागली तोवर मी देत राहिलो. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

मी लगेच त्याला फोन केला. आनंदाने केला, हे मला अजून आठवतं. म्हटलं, इंजिन एकदम ठणठणीत आहे. मग तो म्हणाला, चांगलं आहे की, आणि मुलीच्या क्लासला जायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या क्षणी तरी मला काही कळायला हवं होतं, असं आता वाटतं. कळलं ते एवढंच की इंजिन ठीक असेल तर शेडच्या आत काहीतरी गडबड आहे. एखादी केबल खाली घासून चिकटत असेल, एखाद्या एसीचा कॉम्प्रेसर जाम होत असेल. ते बघावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपताना, इंजिन रिकामं चालू ठेवून, मागच्या दाराने शेडमध्ये गेलो. ऑपरेटरने गाडी सोडून जायचं नसतं. मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो मला परत पाठवेल असं वाटलं. दुसरं काही मनात नव्हतं.

आत अजून अंधार होता. प्लायवुडच्या देवघराच्या मागे मी उभा राहिलो, तिथून स्विचबोर्ड समोर दिसत होता. बोर्डावरचा लहान बल्ब बॅटरीवर चालणारा होता, त्याच्या उजेडात तो उभा. आधी वाटलं तो स्विच तपासतोय. मग दिसलं की तो एकेक करून सगळे स्विच वर करतोय. तीन एसी. दिव्यांची एक बाजू. दुसरी बाजू. बोर्डाचा खालचा मेन स्विच बंद होता म्हणून अजून काहीच चालू झालं नव्हतं. त्याने एक हात मेनच्या दांड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने वॉकी तोंडापाशी नेली.

माझ्या कानातल्या वॉकीच्या तारेतून त्याचा आवाज आला. "एक टाकतोय."

तो माझ्यापासून खोलीभर अंतरावर होता. मी हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मी वॉकीचं बटन दाबलं आणि हळू आवाजात म्हटलं, "टाक."

का म्हटलं ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित तो थांबेल असं वाटलं असेल. त्याने दांडा वर केला. भिंतीपलीकडून माझ्या इंजिनाचा आवाज आला, असा आवाज मी आतून कधी ऐकला नव्हता, मोठ्या जनावराला खाली पाडल्यासारखा. दिवे लाल झाले आणि विझले.

मी मागच्या दाराने गाडीत गेलो. तो धावत आला. दारातून वाकून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजीने विचारलं, "परत तेच का रे?"

मी म्हटलं, "हो. परत तेच."

संध्याकाळी मॅनेजरने मला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "दादा, आपका गाड़ी अब बूढ़ा हो गया. सोमवार से दूसरा आएगा." तेव्हाच सांगता आलं असतं, पण काय सांगणार होतो? माझ्याकडे माझ्या डोळ्यांशिवाय काही नव्हतं, आणि ज्याच्याविरुद्ध सांगायचं त्याच्याच शब्दावर तो मॅनेजर लाइटचं सगळं काम चालवत होता. केबल गुंडाळायला मित्राने मला मदत केली. फाटकापर्यंत चालत आला. म्हणाला, मी बोललो रे त्याच्याशी, ऐकतच नाही.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी करत होती. तिने तवा उतरवला आणि विचारलं, "तुम्ही नीट बघितलंत? अंधार होता म्हणताय." मला त्या प्रश्नाचा राग आला. मित्राचा आला नव्हता इतका तिचा आला. आता वाटतं, तिला भाऊ मिळाला होता आणि तो एका संध्याकाळी काढून टाकायचा म्हणजे तिला निदान दोनदा विचारायचा हक्क होताच.

सोमवारी काय झालं ते आम्हाला फोटोवरून कळलं. लाइटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीही होतो. नवी पांढरी जनरेटर व्हॅन, पुढे झेंडूचा हार, आणि नारळ फोडताना तो. फोटोखाली सगळ्यांची अभिनंदनं. मी बायकोला फोन दिला. तिने बोटांनी फोटो मोठा करून त्याचा चेहरा बघितला, आणि फोन परत दिला. त्याच दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, मेहुण्याने घेतली रे गाडी, मलाही उशिराच कळलं, तुला वाईट वाटेल म्हणून लगेच बोललो नाही. मी ठीक आहे म्हटलं.

त्यानंतर मी त्याला काहीच विचारलं नाही. बायको म्हणायची, जाऊन विचारा. मी जात नव्हतो. मला वाटायचं, तो येईल. सगळं करून झालं, गाडी लागली, आता तरी एका संध्याकाळी येईल आणि सांगेल. मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मी खिडकीत उभा राहिलो की त्याच्या घरातला दिवा दिसायचा. तो आला नाही. रस्त्यात भेटला की हात करायचा, काम मिळालं का विचारायचा, आणि दोन लग्नांचं काम त्याने मला मिळवूनही दिलं. ते मी घेतलं. ते घेतल्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटली.

मग भाऊबीज आली. सकाळी दहा-साडेदहाला बेल वाजली. हातात साडीची पिशवी, अंगात इस्त्रीचा कुडता. नेहमीसारखा चप्पल काढून आत आला. बायकोने पाट मांडून ठेवला होता, रांगोळी काढली होती, निरांजन लावलेलं होतं. तिने हे सगळं केलंय हे मी पाहत होतो आणि मला कळत नव्हतं ती काय करणार आहे. तो पाटावर बसला. ती ताट घेऊन समोर उभी राहिली, पण खाली बसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यांच्या इंजिनाला काय झालं होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "गव्हर्नरचं काहीतरी..." असं म्हणून तो थांबला.

मी म्हटलं, "मी देवघराच्या मागे उभा होतो. जेवणानंतर. शेवटच्या दिवशी."

त्याने नजर निरांजनाकडे वळवली. खाली रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती वाजून संपली. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो नाही म्हणाला नाही.

"मागितली असतीस जागा तर मी सोडली असती," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"मग?"

"तू सोडली असतीस म्हणूनच." तो हळू बोलत होता. "गाडी माझीच, मेहुण्याचं नुसतं नाव. आयुष्यभर ती तू दिलेल्या जागेवर उभी राहिली असती. तू बोलला नसतास. पण मला ते रोज ऐकू आलं असतं. गाडीच खराब निघाली की कुणाचे उपकार राहत नाहीत. मला वाटलं दोन-तीनदा ट्रिप होईल, मॅनेजर तुला काढेल, विषय संपेल. तुला कळणारच नव्हतं."

"तू माझ्याबरोबर पंप खोलत बसला होतास," मी म्हटलं. "बॅटरी धरली होतीस."

त्याने मान खाली घातली, आणि ओवाळून घेण्यासाठी डोक्यावर ठेवलेली टोपी घसरली ती त्याने सावरली.

बायको खाली बसली. तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग ताट बाजूला ठेवून साडीची पिशवी त्याच्या हातात परत दिली.

"निरांजन लावलं होतं म्हणून ओवाळलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येऊ नका."

तो उठून गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, लिफ्ट असूनही. मी बायकोवर ओरडलो, ओवाळलंस कशाला म्हणून. स्वयंपाकघरात जाऊन तिने करंज्यांचा डबा उघडला आणि बंद केला.

शूटिंगच्या लाइनमध्ये माझं काम संपलं. ज्या गाडीने शूटिंग बंद पाडलं ती गाडी दुसऱ्या कुणाला नको होती. खरं काय ते मी एक-दोघांना सांगितलं, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. हरलेला माणूस असंच बोलतो असं त्यांना वाटलं असणार, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. काही महिने लग्नाच्या हॉलवर काढले. मग उत्तनच्या पुढे चौक गावात एका बर्फाच्या कारखान्याला जनरेटर हवा होता. मी गाडीतून सेट उतरवून तिथे बसवला आणि स्वतःही त्याच्याबरोबर राहिलो. सकाळी स्कूटरने जातो, संध्याकाळी येतो. बोटींना बर्फ लागतो, आणि वीज गेली तरी लागतो.

तिथे बर्फाचा कॉम्प्रेसर आहे, मोठा, सुरू होताना शेडमधल्या तीन एसींना भारी. तो सुरू करायचं काम तिथल्या कोळी म्हाताऱ्याचं होतं, त्याची सगळी हयात त्या कारखान्यात गेलेली. मी गेल्या गेल्या त्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. कॉम्प्रेसर सुरू करायचा झाला की मीच जातो, मीच दांडा उचलतो, आणि धावत येऊन मीटर बघतो. ह्या वयात ती धावपळ वेडेपणाची आहे. मध्ये एकदा पाय घसरून पडलोही. म्हाताऱ्याने मला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "तुमचा आमच्यावर इस्वास न्हाय का?"

मी म्हटलं, तसं नाही, इंजिन जुनं आहे. त्याने मान डोलावली. तो त्या दिवशी जेवायला माझ्याबरोबर बसला नाही. दुसऱ्या दिवशी बसला. किल्ली मात्र अजून माझ्याच खिशात आहे.

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला एका कामासाठी गेलो होतो, येताना वरसाव्यापाशी ती पांढरी व्हॅन दिसली. रस्त्याच्या कडेच्या एका बंगल्यात शूटिंग चालू होतं आणि व्हॅन फाटकाबाहेर उभी होती, चालू. मी थोडं पुढे जाऊन स्कूटर थांबवली. इंजिन बंद करून ऐकत उभा राहिलो. खरं सांगायचं तर काहीतरी बिघाड ऐकू यावा म्हणून उभा राहिलो. त्या नव्या सेटला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर आहे. आत कुणीतरी लोड टाकला, इंजिन जेमतेम दबलं आणि जागच्या जागी परत आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तसंच. अगदी सुरेख चाललं होतं. मी ऐकत राहिलो, ट्रक जात होते, त्यांच्या आवाजातूनही ते चांगलंच ऐकू येत होतं.

तो व्हॅनच्या मागच्या दारातून बाहेर आला. त्याने मला बघितलं. हात वर करावा की नाही असं त्याचं झालं, आणि त्याने तो केला नाही. मीही केला नाही. स्कूटर सुरू करून निघालो.

घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"बरा आहे. केस पांढरे झालेत."

"तुमचेही झालेत," ती म्हणाली, आणि निवडलेली मेथी धुवायला उठली.